फडावर जाण्याआधी

धर्मापुरीचं नाव निघालं की बाहेरच्या माणसाला केदारेश्वराचं देऊळ आठवतं. मी हिरड्यांचा डॉक्टर, मला मशेरी आठवते. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांवर घासायची. १९९२ साली केंद्र सरकारनं दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी केली, पण घरच्या तव्याला बंदी कोण घालणार? सकाळी 'दात घासायला' घेतलेली मशेरी दुपारी तलफ म्हणून लागते, रात्री पुन्हा. सोडा म्हटलं की मावशींचं उत्तर ठरलेलं, "डॉक्टर, तिच्याबिगर पोट साफ होत न्हाई." एकदम तोडा असं मी म्हणत नाही, आधी रात्रीची बंद करायला सांगतो. तोंडात पांढरा चट्टा दिसला तर मात्र सवलत नाही, लगेच तपासणी.

मशेरीनं दात स्वच्छ होत नाहीत. घासून घासून हिरडी मागं सरकते, मुळं उघडी पडतात, आणि जंतूंचा चिकट थर फटीत राहतो तो राहतोच. लाळेतल्या क्षारांनी तो कडक झाला की त्याचं कीटण होतं. ते ब्रशनं निघत नाही. हिरडी सुजते, रक्त येतं आणि रक्ताला भिऊन माणूस ब्रशच सोडतो. खरं तर तेव्हाच नीट घासायला हवं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हॅराल्ड लो यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू करताच साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. औषध काही नव्हतं.

पण सूज मुळाकडे उतरून हाड झिजवू लागली की त्याला आपण पायरिया म्हणतो. झिजलेलं हाड बहुतेकदा परत भरत नाही, झीज थांबवता येते. हिरडी आणि दात यांच्यामधली फट तीन मिलिमीटरपेक्षा खोल गेली की मला काळजी वाटते. मग मुळापर्यंत सफाई, काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी आणि तरीही फट खोलच राहिली तर हिरडी उघडून शस्त्रक्रिया. 'सफाईनं दात ढिले होतात' हे मी रोज ऐकतो. दात आधीच ढिले असतात, कीटणानं धरून ठेवलेले. ते निघालं की हलणं कळतं इतकंच. पू वारंवार येत असेल तर मी रुग्णाला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात रक्तातली साखर तपासायला पाठवतो. मधुमेह हिरड्या बिघडवतो आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.

आमच्या ऊसतोड मजुरांच्या जिल्ह्याची खरी अडचण कॅलेंडरची आहे. मुकादमाची उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतो तो गुढीपाडव्याच्या आगेमागे परततो. 'पंधरा दिवसांनी या' हे त्यांना सांगून काय उपयोग? म्हणून एरवी चार बैठकांत विभागायची सफाई मी लागोपाठ दोन दिवसांत उरकतो. परिणामात फारसा फरक पडत नाही, असं अभ्यासही सांगतात. सोबत मऊ ब्रश देतो. उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाणी कमी असतं, पण रात्री झोपण्याआधी दोन मिनिटं घासायला एक पेलाभर पुरतं. दंतशिबिर भरवणाऱ्यांनी डिसेंबर टाळावा. तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि पोरंच उरतात. शिबिर दसऱ्याआधी घ्या, नाहीतर पाडव्यानंतर.