नाते गावची सही

रोहा, महाड, अलिबागकडच्या जुन्या घरांत पेटीच्या तळाशी कधी कधी सहाव्या जॉर्जचे चित्र असलेली नोट निघते. लगेच मोबाइलवर ‘लाखोंची नोट’ शोधण्याची घाई सुरू होते. त्याआधी तिच्यावरची सही वाचावी.

रिझर्व्ह बँकेने १९३८ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेवर साल छापलेले नाही. काळ ठरतो तो सहीवरून. जे. बी. टेलर यांची सही असेल तर नोट आधीची, सी. डी. देशमुख यांची असेल तर नंतरची. एक रुपयाची नोट या हिशेबात धरू नये. ती भारत सरकारची, तिच्यावर वित्त सचिवांची सही.

हे देशमुख म्हणजे चिंतामणराव. जन्म १८९६, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी, बालपण रोह्यात, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. अमेरिकेत १८६३ ते १९३५ या काळात गावोगावच्या बँकांच्या नावाने नोटा निघत, म्हणून तिथला संग्राहक आपल्या गावाचे नाव शोधतो. रायगडकरांनी ही सही शोधावी.

ती सही येण्यामागे केवळ पदबदल नव्हता. दुसऱ्या महायुद्धात जपानने टेलर यांच्या सहीच्या दहा रुपयांच्या नोटेची हुबेहूब नक्कल केली. त्यामुळे जलचिन्ह बदलले, सही बदलली; पुढे राजाचा एका बाजूने दिसणारा चेहरा जाऊन समोर पाहणारा आला. भारतीय नोटेत सुरक्षा धागाही तेव्हाच प्रथम आला. देशमुखांच्या दहाच्या नोटांतली मागची-पुढची कोणती, हे चेहराच सांगतो.

आता किंमत. या सहीची दोन रुपयांची साधी नोट मुळीच दुर्मीळ नाही. त्या काळी गड्ड्या टाचून ठेवत, म्हणून बहुतेक नोटांना भोके असतात. बिनभोकाची, घडी न पडलेली नोट मिळाली तर भाव चढतो. नोट धुऊन, इस्त्री फिरवून ‘नवी’ करणे हा शुद्ध वेडेपणा. जाणकाराला ते कळते आणि भाव उतरतो.

खरे कुतूहल १९४८ च्या नोटेचे. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचे चलनही रिझर्व्ह बँकच सांभाळत होती. नाशिकला छापलेल्या त्या नोटांवर पाकिस्तान सरकारचे नाव वर इंग्रजीत, खाली उर्दूत. आणि दहाच्या नोटेवर सही मात्र नात्याच्या चिंतामणरावांची! अशा नोटेला साध्या नोटेपेक्षा कितीतरी अधिक मागणी असते, म्हणूनच साध्या नोटेवर मागाहून ही अक्षरे उमटवणारे ठगही आहेत. अस्सल अक्षरे छपाईच्या ठशातच कोरलेली होती. विकत घेताना भिंग हाती असू द्यावे.