उसन्या शिंगरावरचा राजा

येशूने यरुशलेमेत प्रवेश केला तो मागून आणलेल्या शिंगरावर बसून. बेथफगेजवळ बांधलेलं ते पिल्लू दोन शिष्यांनी सोडून आणलं, आपलीच वस्त्रं त्याच्या पाठीवर टाकली. गालीलापासून पायी हिंडणाऱ्या माणसाला डोंगराचा शेवटचा उतार काही जड नव्हता. तरी तो वाहनावर बसला, आणि वाहन निवडलं ते हे.

त्या वाहनाला जुना अर्थ होता. दाविदाने शलमोनाला गादी दिली तेव्हा त्याला आपल्या खेचरावर बसवून अभिषेकाला पाठवलं होतं. जखऱ्या संदेष्ट्यानेही येणारा राजा पाहिला तो नम्र आणि शिंगरावर बसलेला. त्याच्या राज्यात एफ्राइमचे रथ, यरुशलेमेतले घोडे, लढाईचं धनुष्य, काहीच उरणार नव्हतं. शस्त्रं खाली ठेवूनच तो राष्ट्रांशी शांतीचं बोलणार होता. याला दुबळेपणा म्हणणाऱ्यांनी पुढचा प्रसंगही वाचावा: याच शिंगरावरच्या येशूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकले.

वल्हांडणाला यरुशलेम माणसांनी फुलून जाई, आणि बंडाच्या धास्तीने रोमी सुभेदार समुद्रकाठच्या कैसरियाहून तिथे येऊन राही. त्या वर्षी तो पिलात होता. शहराने फौजेची सत्ता रोज पाहिली होती. लोकांना हवा होता तिला पुरून उरणारा राजा. त्यांच्या हातातल्या झावळ्याही विजयाच्याच. इसवी सनापूर्वी 141 मध्ये यहुदी पुढारी शिमोन मक्काबीने यरुशलेमचा गड शत्रूकडून घेतला तेव्हा लोक अशाच झावळ्या घेऊन आत शिरले होते. वसईत झावळ्यांच्या रविवारी त्या हातात घेऊन आपण देवळात जातो, तेव्हा ही जुनी आस आपल्याही मनात असतेच. आपल्यालाही जिंकणारा देव हवा असतो.

लूक सांगतो, शहर दिसताच येशू रडला. शांती कशाने मिळते हे त्या शहराला उमगलं नाही, याचं ते रडणं. आपल्याला नाकारणाऱ्या नगरासाठी रडणारा राजा मला दुसरा ठाऊक नाही. पुढे इ.स. 70 मध्ये रोमी सेनापती तीतच्या सैन्याने यरुशलेम जाळलं.

आणि 1099 च्या जुलैत त्याच शहरात क्रूसवीर शिरले. ख्रिस्ताचं नाव घेत त्यांनी मुसलमानांची आणि यहुद्यांची कत्तल केली. त्यांचा पुढारी गॉडफ्रे याने मग राजा म्हणवून घ्यायला नकार दिला. जिथे प्रभूने काट्यांचा मुगुट घातला तिथे आपण सोन्याचा कसा घालावा, अशी त्याची भावना होती असं परंपरा सांगते. हा नकार मला अस्वस्थ करतो. मुगुट टाकला, पण तलवारीने मिळालेलं शहर ठेवलं. एवढ्याने नम्रता होत नाही. जखऱ्याच्या राजाने आधी घोडे आणि धनुष्य दूर केलं होतं.

नम्रता कशी असते ते त्या राजानेच दाखवलं. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला, घंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. पेत्राने आधी पाय मागे घेतले. प्रभूने आपले पाय धुवावेत हे त्याला सोसेना. यहूदाने काही म्हटल्याची नोंद नाही. तो फितूर झालाय हे येशूला ठाऊक होतं, आणि त्याचेही पाय त्याने धुतले.