द.सा.द.शे. आणि शेकडा तीन

वित्तीय सेवा ही संज्ञा पाठ्यपुस्तकांत आणि शासकीय कागदपत्रांत सहज येत असली, तरी ग्रामीण महाराष्ट्रातील नववी-दहावीच्या विद्यार्थ्याच्या मनात तिचे एकच चित्र असते, आणि ते म्हणजे काचेपलीकडे बसलेला बँकेतील कारकून. वस्तुतः लोकांचा पैसा सांभाळणे, तो गरजवंताला व्याजाने देणे, हप्ता घेऊन त्याची जोखीम स्वीकारणे, त्याची बचत रोख्यांत गुंतवून देणे ही सर्वच कामे या संज्ञेत मोडतात; त्या अर्थाने पतसंस्थेसाठी दुकानोदुकानी फिरून रोजची अल्पबचत गोळा करणारा पिग्मी एजंट हाही याच क्षेत्रातला माणूस ठरतो, मग करिअर मार्गदर्शनाच्या तक्त्यावर त्याचे नाव दिसो वा न दिसो.

प्रस्तुत लेखकाने बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर 2017 पासून दोन शैक्षणिक वर्षे सोलापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर, या क्षेत्राची ओळख करून देणारा वर्ग चालवला. पहिले तीन महिने वाया गेले, आणि तो दोष सर्वस्वी लेखकाचा होता. सरकारी बँकांतील लिपिकपदासाठी पदवी आणि वयाची किमान वीस वर्षे लागतात, विमा एजंट होण्यास दहावी उत्तीर्ण आणि अठरा वर्षे पूर्ण असणे पुरते, बँकिंगच्या व्यावसायिक परीक्षा घेणारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही संस्था 1928 सालची आहे, रोखे बाजारातील कामांसाठीचे प्रशिक्षण देणारी संस्था सेबीने रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे उभारली आहे, अशी माहिती तो फळ्यावर लिहीत राहिला. ती खोटी नव्हती. मात्र चौदा वर्षांच्या मुलाला वीस वर्षांच्या वयाची अट सांगणे म्हणजे पेरणीच्या दिवशी बाजारभाव सांगण्यासारखे होते. चाळीस जणांचा वर्ग दिवाळीपर्यंत सतरावर आला.

उरलेल्या सतरा जणांना पाचवी-सहावीपासून ‘द.सा.द.शे.’ ठाऊक होते. दर साल दर शेकडा या चार शब्दांचे हे आद्याक्षररूप सरळव्याजाच्या प्रत्येक उदाहरणात येते आणि मुले ते ‘दसादशे’ असे एका दमात म्हणतात. एका उदाहरणात द.सा.द.शे. 36 हा दर घातला असता वर्ग हसला. इतके व्याज कोण देईल, असा एकूण सूर होता. त्यावर लेखकाने घरातील मोठ्या माणसांनी खासगी सावकाराकडून पैसे कोणत्या दराने उचलले आहेत, एवढेच विचारून येण्यास सांगितले. पुढच्या शनिवारी बहुतेकांचे उत्तर एकच होते : शेकडा तीन. गावाकडच्या बोलीत ‘शेकडा तीन’ म्हणजे शंभरामागे दरमहा तीन रुपये, म्हणजेच द.सा.द.शे. 36, ज्या दराला वर्ग हसला होता, तोच दर त्यांच्या घरी चालू होता. शाळेतले व्याज वर्षाचे आणि गावातले महिन्याचे, हा भेद कोणत्याही धड्यात सांगितलेला नसतो, आणि तो कळल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती फळ्यावरच्या कोणत्याही पात्रता-निकषाने पसरली नव्हती. त्यानंतर ‘फ्लॅट’ दराचा विषय आपोआप निघाला. या पद्धतीत मुद्दल दरमहा फिटत असूनही व्याज मात्र मूळ पूर्ण रकमेवरच आकारले जाते. त्यामुळे वर्षभराच्या मासिक हप्त्यांच्या कर्जावर बारा टक्के म्हणून सांगितलेला दर, घटत्या शिलकीवर मोजल्यास, सुमारे साडेएकवीस टक्के भरतो. हे गणित मुलांनी हप्ता हप्ता मांडून दोन शनिवार घालवून पडताळले.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र व्याजाचा नव्हता. वर्गातील एका मुलीची बहीण अकरावीला वाणिज्य शाखेत होती आणि तिचे पुस्तपालनाचे पुस्तक घेऊन ती मुलगी एकदा आली. बँकेत पैसे भरले की पासबुकात ते ‘जमा’ दिसतात, मग या पुस्तकात बँकेचे खाते ‘नावे’ का टाकले आहे, असे तिने विचारले. पस्तीस वर्षे नावे-जमा करण्यात घालवलेल्या लेखकाला उत्तर माहीत होते, पण ते सांगता येईना. सवयीने येणारी गोष्ट समजावून देणे किती कठीण असते, याचा प्रत्यय त्याला त्या दिवशी आला. अखेर फळ्यावर दोन वह्या काढाव्या लागल्या. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल असते आणि बँकेच्या दृष्टीने ठेवीदार हा धनको, म्हणजे जिचे देणे लागते अशी व्यक्ती असल्याने, त्याचे खाते तेथे जमा होते. ठेवीदाराच्या स्वतःच्या वहीत मात्र बँक ही ऋणको, म्हणजे पैसे देणे लागणारी असल्याने ती रक्कम बँकेच्या नावे पडते. एकच शंभराची नोट एका वहीत जमा आणि दुसऱ्या वहीत नावे असते, आणि दोन्ही वह्या बरोबर असतात. ‘म्हणजे बँक आपली कर्जदार?’ या तिच्या उद्गारावर लेखकाला होकार द्यावा लागला, आणि आपल्या शाखेत येणारे ठेवीदार ज्या संकोचाने काउंटरशी उभे राहत, ते त्याला या निमित्ताने आठवले.

रोकड सांभाळण्याचा पाठ सहलीच्या वर्गणीवर दिला गेला. सतरा जणांकडून प्रत्येकी 250 प्रमाणे 4,250 रुपये जमायचे होते. रोखपाल नेमलेल्या मुलाने नोटा मोजल्या तेव्हा 4,200 भरल्या. त्याने खिशातून पन्नासाची नोट काढून गठ्ठ्यात सारली आणि मेळ बसल्याचे जाहीर करताच वर्गाने टाळ्या वाजवल्या. बँकेच्या शिस्तीत मात्र हीच चूक मोठी, कारण एका मुलाने दोनशेच दिले होते व पन्नास सोमवारी देणार होता, ही गोष्ट त्या नोटेखाली गाडली गेली. तूट आली तर ती तूट म्हणून दाखवावी लागते आणि रोकड जास्त भरली तरी ती वेगळी नोंदवून ठेवावी लागते, कारण जास्तीची रक्कमही कोणाची तरी असते. हे समजावताना लेखकाने स्वतःची कथाही लपवली नाही : नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्याने दहा रुपयांची तूट अशीच पदरमोड करून झाकली होती, आणि मुख्य रोखपालांनी ती उघड झाल्यावर त्याला तासभर उभे केले होते.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, पुस्तपालनाचा प्रश्न विचारणारी तीच मुलगी आईच्या बचत गटाचे रजिस्टर घेऊन आली. आई गटाची सचिव होती; पेटीतली रोकड वहीपेक्षा 270 रुपयांनी जास्त भरत होती आणि दोन महिने तिने ती वेगळ्या पुडीत बांधून ठेवली होती. फरकाला नवाने भाग जात असेल तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधावी, ही बँकांतील जुनी युक्ती वर्गात सांगून झाली होती. दोन अंक उलटे पडले की फरक नवाच्या पटीतच येतो. मुलीने परतफेडीचा रकाना बोटाने खाली खाली तपासत नेला आणि जानेवारीतल्या एका नोंदीवर थांबली. एका सभासद बाईच्या पावतीवर 630 होते, रजिस्टरात 360. तिने खोडरबर मागितले नाही. मूळ आकडा वाचता येईल अशी एकच रेघ त्यावर ओढून तिने शेजारी 630 लिहिले, आणि आईच्या सहीसाठी बाजूला जागा सोडली.