वहीत न उतरलेले तेल

सांगलीला आमचे हळद, गूळ आणि कडधान्याचे दुकान आहे. दिवसाचा हिशेब त्याच दिवशी वहीत उतरला पाहिजे, ही आमच्या वडिलांनी, अण्णांनी, घालून दिलेली शिस्त. मालवाहू पिकअप गाडीचीही स्वतंत्र वही होती. डिझेल, इंजिनचे तेल, टायर, विमा यांच्या तारखा तीत नियमित पडत. एका तेलाची नोंद मात्र पाच वर्षांत एकदाही झाली नाही. ते म्हणजे मागच्या अॅक्सलमधील डिफरन्शियलचे तेल. गॅरेजात त्याला ‘नव्वद नंबर’ म्हणतात.

चूक माझी होती. पावसाळा सरत आला असताना आमचे चालक, ज्यांना घरातील सारेच मामा म्हणतात, माझ्याकडे आले. “भाऊ, मागं अॅक्सलखाली तेलाचा डाग पडतोय. पावसात ओढ्याच्या पाण्यातूनही गाडी काढावी लागली होती. एकदा क्राऊनचं तेल बघून घेऊ.” दिवाळीचा हंगाम तोंडावर आला होता. गाडी एक दिवस उभी ठेवणे मला जड वाटले. “दिवाळीनंतर बघू, मामा,” असे सांगून मी विषय संपवला. पुढे वेग वाढला की मागून घुंई असा आवाज येऊ लागला. तोही त्यांनी सांगितला. मी हसून म्हणालो, “गाणी लावा, आवाज ऐकू येणार नाही.” हे वाक्य आज आठवले तरी मान खाली जाते.

रत्नागिरीचा माल घेऊन मलकापूर मागे टाकले आणि आंबा घाट जवळ येत असताना मोठा आवाज होऊन मागची चाके जागीच अडकली. रस्ता सरळ होता, वेग बेताचा होता, म्हणून मामा सुखरूप राहिले. तेच घाटाच्या उतारावर, भरल्या गाडीनिशी घडले असते तर काय झाले असते, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

गाडी ओढून आणल्यावर मिस्त्रींनी माझ्यासमोर अॅक्सल उघडले. तेल नावापुरते उरले होते. जे होते ते दुधाळ झाले होते आणि त्यात लोखंडाचे तुकडे होते. ऑइल सील गळत होते. शिवाय तापलेले हाऊसिंग एकाएकी थंड पाण्यात बुडाले की आतील हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. तेल बाहेर गेले, पाणी आत आले आणि दातांनी दात खाल्ले.

हा भाग करतो तरी काय, हे त्या दिवशी प्रथमच मी नीट समजून घेतले. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांमध्ये 1.4 मीटर अंतर धरले, तर एका पूर्ण वळशात हा फरक सुमारे 8.8 मीटर भरतो. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसवली, तर एक चाक रस्त्यावर घासत जाईल. दोघांनाही इंजिनची शक्ती पोहोचवायची आणि तरी ज्याला त्याला आपल्या गतीने फिरू द्यायचे, हे डिफरन्शियलचे काम. त्यातील क्राऊन आणि पिनियन यांचे दात मोठ्या दाबाखाली एकमेकांवरून घसरत फिरतात. म्हणून तेथे इंजिनचे तेल चालत नाही. दाब सोसणारी द्रव्ये मिसळलेले दाट तेल लागते. डब्यावर बहुधा ‘80डब्ल्यू-90’ आणि ‘जीएल-5’ असे छापलेले असते. त्याचा उग्र वास त्यातील गंधकयुक्त द्रव्यांचा.

या तेलाला बहुधा ना मोजपट्टी असते, ना कमी झाल्यास पेटणारा दिवा. आपणच विचारपूस करावी लागते. गाडी सपाट जागी उभी करून भरण्याचे बूच उघडावे. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावे. त्याहून अधिक भरले तर तेही सीलमधून बाहेर येते. तेल बदलताना भरण्याचे बूच आधी उघडावे, मग खालचे. नाहीतर तेल निघून जाईल आणि वरचे बूच गंजून अडकलेले निघेल! खालच्या बुचाला लोहचुंबक असेल तर त्यावरील बारीक करडा लगदा स्वाभाविक समजावा, तुकडे मात्र नव्हे. किती किलोमीटरला बदलावे, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. सतत ओझे वाहणाऱ्या किंवा पाण्यातून गेलेल्या गाडीचे तेल त्याआधीच पाहावे. जुने तेल गटारात वा मातीत न ओतता गॅरेजच्या पिंपातच जाऊ द्यावे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या घरगुती मोटारीत डिफरन्शियल बहुधा गिअरबॉक्समध्येच असते, तेव्हा तेथे गिअरबॉक्सच्या तेलाची चौकशी करावी.

दुरुस्तीला 38,000 रुपये लागले. वेळेवर बदललेले दोन-अडीच लिटर तेल त्यापुढे किरकोळ होते. खर्चाचा कागद अण्णांपुढे ठेवला. त्यांनी आकडा पाहिला आणि एवढेच विचारले, “मामांनी सांगितलं होतं का?”

“हो. दोनदा.”

“मग आधी त्यांच्याकडे जाऊन ये. खर्च नंतर लिहू.”

मी गेलो. मामा गाडी धूत होते. माझे बोलणे पुरे होण्याआधीच त्यांनी हात हलवून विषय थांबवला आणि म्हणाले, “आता आवाज येत नाही, भाऊ.”

गाडीच्या वहीत आता नव्वद नंबरच्या तेलाची तारीख आणि किलोमीटर लिहिले जातात. शेजारी एक रकाना नवा आखला आहे: ‘मामा काय म्हणाले’. दर शनिवारी तो मी स्वतः भरतो.