शेवटच्या ओळींचा हिशेब

सोलापुरातल्या आगीच्या विम्याचे दावे रकमेप्रमाणे चढत्या क्रमाने लावले, की पहिल्या कितीतरी ओळी शांतपणे सरकतात. कुठे शॉर्टसर्किटने मोटर जळालेली, कुठे सुताचे गठ्ठे भिजलेले. शेवटच्या ओळींत मात्र चादरी-टॉवेलचा आख्खा कारखाना असतो : माग, सूत, तयार माल, सगळं गेलेलं. या साऱ्यांना साजेसं वितरण शोधणं हे माझं काम, आणि माझा जीव असतो तो या शेवटच्या ओळींत.

लहान-मध्यम दाव्यांना लॉगनॉर्मल वितरण सहसा चांगलं बसतं. मोठ्या दाव्यांची शक्यता मात्र ते बरेचदा कमी दाखवतं. म्हणून एक उंबरठा ठरवून त्यावरच्या दाव्यांना मी पॅरेटो वितरण लावते. विल्फ्रेडो पॅरेटो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते उत्पन्नाच्या वाटणीसाठी मांडलं होतं. पॅरेटोचा घातांक 2 असेल, तर उंबरठा ओलांडणाऱ्या शंभर दाव्यांत साधारण एक त्याच्या दहापटीपुढे जातो. घातांक 1 असेल तर दहांत एक. आणि तिथे सैद्धांतिक सरासरीच अनंत होते.

उंबरठा खाली आणला तर किरकोळ दावे मोठ्यांत मिसळतात, वर नेला तर हाती ओळीच उरत नाहीत. मी तो थोडा थोडा हलवत राहते आणि घातांक जिथे स्थिरावतो तिथे थांबते. एखादा प्रचंड दावा ‘अपवाद’ म्हणून वगळा, असं कुणी सुचवलं तर मी नकार देते. विमा काढला जातो तो त्याच दिवसासाठी.

शिवाय दाव्याची रक्कम म्हणजे नुकसान नव्हे. दहा लाखांच्या मालाचा विमा पाच लाखांचाच असेल, तर चार लाखांच्या नुकसानीला जुन्या नियमाने दोनच लाख मिळत. 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पॉलिसीत, एका ठिकाणी पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्यांना, 15 टक्क्यांपर्यंतचा अपुरा विमा माफ आहे. त्यामुळे जुन्या-नव्या रकमा मी डोळे झाकून एकत्र करत नाही. प्रत्येक दाव्याशेजारी मालाची किंमत, विम्याची रक्कम आणि सर्व्हेअरने ठरवलेलं नुकसान मागते.

यंत्रमागधारकांना म्हणूनच कळकळीने सांगते : हप्ता वाचवायला मालाची किंमत कमी दाखवू नका. खरी किंमत लिहिलीत, तर अपुऱ्या विम्यापायी तुमचा दावा कापला जाणार नाही आणि पुढच्याचा हप्ताही खऱ्या जोखमीवर ठरेल.