नोंद सरकारची, शिक्षा लेकराला

आपल्या देशात जात माणसाला विचारून कुणी लिहिली नाही. ती लिहिली पाटील-कुळकर्ण्यांनी, शाळेतल्या मास्तरांनी, जनगणनेच्या कारकुनांनी. ज्याच्या हातात लेखणी, त्याची नोंद. ज्यांना पिढ्यानपिढ्या अक्षरापासून लांब ठेवलं, त्यांना आपल्याबद्दल काय लिहिलंय हे वाचताही येत नव्हतं. आणि आज त्यांच्याच पणतवंडांना विचारलं जातं, "तुम्ही आदिवासी कशावरून?"

पाचोरा तालुक्यातल्या वस्त्यांवर काम करताना हा प्रश्न आम्हाला दरवर्षी भेटतो. बारावीचा निकाल लागला की आईबाप प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतात. ठाकूर जमातीच्या घरांतली पिशवी बहुधा सारखीच असते. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात 'ठाकूर', वडिलांच्या दाखल्यावर 'हिंदू ठाकूर', एखाद्या चुलत आजोबांपुढे भलतीच जात. घर एक, रक्त एक, नोंदी तीन. मास्तर बदलला की जात बदलली! आणि जमातीचं वैधता प्रमाणपत्र मिळालं नाही, की मार्क असूनही मुलीची जागा जाते.

मित्रांनो, हा गोंधळ आला कुठून हे समजून घेतलं पाहिजे. अनुसूचित जमातींची पहिली यादी 6 सप्टेंबर 1950 ची. महाराष्ट्रात ठाकूर ही जमात क्षेत्रबंधनाच्या काळात काही जिल्ह्यांतल्या ठरावीक तालुक्यांपुरतीच आदिवासी मानली गेली. खानदेश त्यात नव्हता. म्हणजे सह्याद्रीच्या त्या तालुक्यांतला ठाकूर आदिवासी आणि पाचोऱ्याचा ठाकूर कुणीच नाही. हे क्षेत्रबंधन 1976 च्या दुरुस्ती कायद्याने उठवलं आणि तो कायदा 27 जुलै 1977 पासून लागू झाला. त्याआधी खानदेशातल्या ठाकराने जमातीची नोंद नेमकी करून घेतली असती, तरी तिचा त्याला उपयोग काय होता? सरकारनेच ज्या नोंदीला किंमत ठेवली नाही, ती नोंद नीट नाही म्हणून आज सरकारच बोट दाखवतं.

वरून पुराव्याचा भार अर्जदारावर. जात प्रमाणपत्र कायद्याचं कलम 8 तसंच सांगतं. कागद पुरत नसतील तर आप्तभाव चाचणी. कुलदैवत कोणतं, लग्नात कोणते विधी, मयतीला काय करतात, बोली कोणती. समाजशास्त्र शिकलेल्या कुणालाही हे खटकेल. संस्कृती म्हणजे संग्रहालयातली वस्तू नव्हे. शेतमजुरीसाठी गावोगाव फिरलेल्या, अहिराणी बोलणाऱ्या, पोरांना शाळेत घातलेल्या कुटुंबाकडून शंभर वर्षांपूर्वीचं नाचगाणं मागायचं, आणि ते आलं नाही की म्हणायचं, तुम्ही आदिवासी नाहीत! आपल्याच जिल्ह्यातले यावल-रावेरचे तडवी भिल्ल बघा. त्यांच्यातल्या बहुतेकांचा धर्म इस्लाम आहे, तरी तडवी भिल्ल हे नाव यादीत आहे. विधी बदलले म्हणून जमात बदलत नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही 24 मार्च 2023 रोजी ठाकूर जमातीच्याच प्रकरणात स्पष्ट केलं, की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नाही. राज्यघटनेपूर्वीच्या जुन्या कागदांना जास्त वजन द्यावं लागेल. हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याच्या पिशवीत असला पाहिजे.

यावर आपल्यातलेच काही जण विचारतात, "हा आदिवासींचा प्रश्न, आपण त्यात का पडायचं?" त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, 1928 साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचं नाव ऐकलंय का? अस्पृश्य आणि आदिवासी या दोघांच्या स्थितीचा अभ्यास तिने एकत्र केला आणि तिचे एक सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कुणाला कोणत्या वर्गात मोजायचं, हा प्रश्न त्यांनी कारकुनाचा मानला नाही, प्रतिनिधित्वाचा मानला. दुसरी गोष्ट आपल्या घरातली. 1956 ला आपल्या माणसांनी बुद्ध धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींमधून ते बाहेर पडले. ती दुरुस्ती व्हायला 1990 उजाडलं. चौतीस वर्षं! कागदावरच्या एका शब्दाने पिढी कशी अडकते, हे आपल्यापेक्षा जास्त कोण जाणतं?

बोगस आदिवासींचा प्रश्न खोटा नाही. नामसाधर्म्याचा फायदा घेऊन खऱ्या आदिवासींच्या जागा पळवल्या गेल्या आहेत, आणि ठाकूर हे आडनाव उच्च जातींतही आहे. खोट्या दाव्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही, हा 2017 चा निकाल योग्यच आहे. आम्ही तपासणीच्या विरोधात नाही. पण तपासणी म्हणजे गरिबाला हेलपाटे नव्हेत. ज्याच्याकडे पैसा आहे, तो वकील लावून उच्च न्यायालयात जातो. ज्याच्याकडे नाही, त्याची मुलगी कापूस वेचायला जाते. अशी चाळणी बोगस माणसाला अडवत नाही, गरिबाला अडवते.

म्हणून मागणी साधी आहे. तहसील कार्यालयांतली कोतवाल बुकं, गाव नमुना 14, जुन्या शाळांची रजिस्टरं सरकारने स्वतः शोधावीत, मोडीतल्या नोंदींचं लिप्यंतर करावं आणि ती गावनिहाय खुली करावीत. वडिलांकडच्या रक्तनात्यात रीतसर चौकशीनंतर वैधता मिळाली असेल, तर धाकट्या भावंडाला पुन्हा शून्यापासून उभं करू नये. आणि निर्णय प्रवेशाच्या मुदतीआधी द्यावा.

तोपर्यंत आपलं काम ठरलेलं आहे. शिकलेल्या प्रत्येक तरुणाने आपल्या गावातलं एक घर घ्यावं, त्या घराची वंशावळ लिहावी, 1950 आधीच्या नोंदींच्या प्रमाणित नकला काढाव्यात. आता लेखणी आपल्या हातात आहे. ती ज्यांच्या हातात अजून पोहोचली नाही, त्यांच्यासाठी ती चालली पाहिजे.

जय भीम! जय बिरसा!