नवा गुडघा आणि जुना थकवा

संपादकांनी लेख मागितला होता गुडघेबदलानंतरच्या व्यायामांवर. सोबत आकृत्या द्या, वाचक कापून ठेवतील, असंही ते म्हणाले. लिहायला बसल्यावर मीच त्यांना फोन करून विषय बदलून घेतला. व्यायामाच्या आकृत्या आता बहुतेक रुग्णालयं डिस्चार्ज कार्डासोबत देतात. त्या कार्डावर सहसा ज्याची ओळसुद्धा नसते आणि ज्यावरून घरात कुरबुरी होतात, तो म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचा थकवा. फिजिओथेरपिस्ट म्हणून गेली अनेक वर्षं मी रुग्णांच्या घरी जाते आहे. माझ्या कामात वेदनेपेक्षा या थकव्याशी माझी गाठ जास्त पडते.

विषय बदलायला एक ताजं कारणही आहे. कराडकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचे दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले होते. एक्स-रे उत्तम, जखम कोरडी, गुडघे शंभर अंशांच्या पुढे वाकत होते. पण आंघोळ करून आल्या की त्या पलंगाच्या कडेला बसून राहायच्या आणि दुपारचं जेवण अर्धवट टाकून झोपायच्या. पाचव्या आठवड्यात मुलाने मला बोलावलं. "मॅडम, आई मनावरच घेत नाहीये. तुम्ही जरा दम भरा तिला." मी फाइल मागितली. शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन ११.२, घरी सोडताना ८.४, आणि त्यानंतर कुणी तपासलेलंच नव्हतं. तपासल्यावर ते आणखी खाली गेलेलं निघालं. सर्जनना कळवलं, उपचार झाले, बाई आता बऱ्या आहेत. पण त्या दिवशी मुलगा बाहेर गेल्यावर त्या मला म्हणाल्या होत्या, "माझंच चुकतंय हो. बाकीच्या बायका कशा चालतात." चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेल्या बाईने घरच्यांचं म्हणणं खरं मानून टाकलं होतं. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

थकवा का येतो हे समजायला आधी आत काय होतं ते पाहू. गुडघा बदलतात म्हणजे सांधा उचलून नवा बसवत नाहीत. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक साधारण ८ ते १० मिलिमीटर कापतात. वर बहुधा कोबाल्ट-क्रोमचं आवरण, खाली धातूची बैठक आणि मध्ये पॉलिएथिलीनची चकती बसवतात. धातू हाडाला बहुतेक वेळा बोन सिमेंटने जोडतात. कापलेल्या हाडातून रक्त झिरपत राहतं. ते ड्रेसिंगवर फारसं दिसत नाही, मांडीच्या आणि पोटरीच्या ऊतींत साचतं. म्हणून नातेवाईक सांगतात, "रक्त काहीच गेलं नाही," आणि तिसऱ्या दिवशीचं हिमोग्लोबिन मात्र दोन-तीन ग्रॅमनी उतरलेलं असतं. ट्रॅनेक्झामिक ॲसिड या औषधाने हा रक्तस्राव बराच कमी झाला आहे. शोसुके आणि उताको ओकामोतो या जपानी दांपत्याने ते शोधून १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं. आज ते नित्याचं आहे, तरी रक्तस्राव शून्य होत नाही.

आता आपल्याकडची परिस्थिती बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. गुडघा बदलायला येणाऱ्या बायका याच समाजातून, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवत साठीला पोचलेल्या असतात. अकराच्या हिमोग्लोबिनवर त्यांनी आयुष्य काढलेलं असतं आणि ते त्यांना 'नॉर्मल' वाटतं. त्यातून तीन ग्रॅम गेले की आठ उरतात, आणि आठवर वॉकर घेऊन संडासापर्यंत जाणं हेच मोठं काम होतं.

इथे मला थोडं खोलात जावं लागेल. "मग लोहाच्या गोळ्या सुरू करू," असं घरचे म्हणतात. पण शस्त्रक्रियेनंतर शरीरात दाह असतो. दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं. हे संप्रेरक आतड्यातून लोह आत येऊ देत नाही आणि साठ्यातलं लोहही अडकवून ठेवतं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू केलेल्या गोळ्यांचा पहिल्या काही आठवड्यांत फारसा उपयोग होत नाही, बद्धकोष्ठ मात्र वाढतं. रक्त वाढवायची खरी वेळ शस्त्रक्रियेच्या आधीची. गुडघेबदल ही ठरवून केलेली शस्त्रक्रिया आहे, ती उद्याच करायची नसते. चार ते सहा आठवडे आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासावं. कमी असेल तर कारण शोधावं, गोळ्या किंवा शिरेतून लोह द्यावं आणि मग तारीख घ्यावी. लग्नसराईच्या आधी उरकायचं म्हणून हे आठवडे वाचवले जातात, आणि त्याचा त्रास पुढे दोन-तीन महिने पुरतो.

थकव्याचं दुसरं कारण स्नायूंत आहे. मोठी शस्त्रक्रिया शरीर एखाद्या मोठ्या दुखापतीसारखीच घेतं. डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या दशकात ग्लासगोमध्ये हाडमोडीच्या रुग्णांवर दाखवून दिलं होतं की दुखापतीनंतर शरीर स्वतःच्या स्नायूंतली प्रथिनं मोडून वापरतं. त्यात भर पडते सांध्यातल्या सुजेची. निरोगी गुडघ्यात नुसतं २०-३० मिलिलिटर सलाइन भरलं, तरी मांडीच्या पुढच्या स्नायूचा आतला भाग ढिला पडतो, हे १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. सुजलेला सांधा मज्जारज्जूमार्फत त्या स्नायूला रोखतो. रुग्णाने कितीही मनावर घेतलं तरी हा प्रतिबंध इच्छाशक्तीने उठत नाही. गुडघेबदलानंतरच्या पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद शस्त्रक्रियेआधीच्या निम्म्याहून खाली येते. एवढ्याशा ताकदीवर खुर्चीतून उठायचं म्हणजे हात, कंबर आणि दुसरा पाय यांनी जादा काम करायचं. संध्याकाळी सगळं अंग दुखतं ते म्हणून.

तिसरं कारण झोप. पाठीवर झोपायची सवय नसते, कुशीवर वळताना कळ येते, रात्री दोन वाजता गुडघा गरम होऊन ठणकतो. ट्रामाडोल, प्रीगॅबलिन यांसारख्या औषधांनी दिवसा गुंगी येते, रात्री मात्र सलग झोप लागत नाही. भूक मरते, पोट साफ होत नाही. अशा अवस्थेत माणूस चिडतो, रडतो, "कशाला केलं ऑपरेशन" म्हणतो. साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास ही उदासी मी बऱ्याच घरांत पाहते. तोवर कौतुक संपलेलं असतं, मुलगी सासरी परत गेलेली असते आणि पाय पूर्ण बरा झालेला नसतो.

आता ज्या मुद्द्यावर माझे सर्जन मित्र माझ्याशी वाद घालतात, तो सांगते. दोन्ही गुडघे एकदम बदलावेत का? त्यांची बाजू मला कळते. भूल एकदाच, रुग्णालय एकदाच, खर्च कमी, मुलाबाळांची रजा एकदाच. दोन्ही पाय सारखेच वाकडे असतील तर एकच सरळ करून चालणंही अवघड जातं. तब्येत चांगली असलेल्या, नीट तपासून निवडलेल्या रुग्णांत हे सुखरूप होतं, हेही खरं. पण एका गुडघ्याच्या तुलनेत रक्त चढवावं लागण्याची, फुप्फुसात गुठळी जाण्याची आणि हृदयावर ताण येण्याची शक्यता वाढते. माझ्या कामाच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट अशी की भार द्यायला एकही चांगला पाय उरत नाही. एकच गुडघा बदललेली बाई दुसऱ्या पायावर उठते, जिना चढते. दोन्ही बदललेली बाई सगळा भार हातांवर घेते. हा निर्णय 'एकदाच काय ते होऊन जाऊ दे' या वाक्यावर होऊ नये. तो हिमोग्लोबिन, हृदयाची तपासणी, वजन, हातांची ताकद आणि घरात दिवसभर कोण आहे हे पाहून व्हावा. एकेक करायचे ठरले तर मध्ये काही महिने जाऊ द्यावेत.

अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये बदलला. गुडघेबदल हा शब्द घराघरांत पोचला तो तेव्हापासून. "ते तर महिन्याभरात आग्र्याच्या शिखर बैठकीला गेले," असं मला अजूनही ऐकवतात. गेले, जुलैच्या मध्यावर. पण त्या शस्त्रक्रिया आठ महिन्यांच्या अंतराने झाल्या होत्या हे कुणी सांगत नाही. शिवाय पंतप्रधानांच्या दिमतीला जेवढी माणसं असतात तेवढी आपल्या आईच्या दिमतीला नसतात.

गैरसमज आणखीही आहेत. "रोबोटने केलंय, मग थकवा कसा?" रोबोटची मदत हाड अचूक कापायला होते. हाड कापलं जातंच, स्नायू ढिला पडतो आणि रात्रीची झोपही मोडते. "त्याच संध्याकाळी चालवलं, व्हिडिओ आहे." त्याच संध्याकाळी चालवणं योग्यच आहे, गुठळ्या होऊ नयेत म्हणून आम्ही चालवतो. पण तेव्हा मांडीत दिलेल्या ब्लॉकमुळे वेदना बधिर असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो उतरतो, आणि तो व्हिडिओ कुणी काढत नाही. "तुम्ही मालिश करता ना?" या प्रश्नाचं उत्तर देऊन तर मी थकले आहे. मी स्नायूला काम शिकवते, आणि किती काम द्यायचं व कधी थांबायचं ते ठरवते.

थकव्याशी जुळवून घेण्याचं सगळं शास्त्र या थांबण्यात आहे. बहुतेक रुग्ण एखाद्या दिवशी बरं वाटलं की स्वयंपाकघरात उभे राहतात, देवपूजा करतात, कपाट आवरतात आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढतात. महिन्याचा पगार पहिल्या आठवड्यात उडवून उरलेले दिवस उसनवारीवर काढावेत तसं हे होतं. म्हणून माझा नियम असा: दमल्यावर थांबायचं नाही, दमण्याआधी थांबायचं. विश्रांती औषधासारखी वेळापत्रकात लिहायची. व्यायाम तासभर सलग न करता दहा-दहा मिनिटांचे चार-पाच वेळा करायचे. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. आंघोळ हे जड काम आहे. ती खुर्चीवर बसून करायची आणि तिला जोडून व्यायाम ठेवायचा नाही. दुपारी झोपायचं, पण अर्धा-पाऊण तास, आणि तीनच्या आत. झोपताना उशी टाचेखाली घ्यायची. गुडघ्याखाली घेतली तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण पाय सरळ व्हायचा राहतो आणि वाकड्या पायाने चालायला जन्मभर जास्त शक्ती लागते. आज केलेलं काम जास्त झालं का, हे उद्या सकाळी कळतं. रात्रीच्या विश्रांतीनंतरही सूज आणि ठणका कालच्यापेक्षा जास्त असेल, तर त्या दिवशी काम कमी करायचं, बंद मात्र करायचं नाही.

जेवणाबद्दल मी हट्टी आहे. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर या काळात वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या बाईला रोज ७२ ते ९० ग्रॅम. पेज आणि वरणभातावर ती मिळत नाहीत. अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. पिठलं, मटकीची उसळ, मुगाचं धिरडं, दही, मासे, यांतलं जे घरात चालतं ते दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खावं. जेवणाला लागून चहा घेऊ नये, त्याने लोह शोषलं जात नाही. आणि उपवास काही महिने देवाकडून सवलत म्हणून मागून घ्यावेत. श्रावणात साबुदाण्यावर दिवस काढून संध्याकाळी व्यायामाला उभ्या राहिलेल्या आजींना मी परत झोपायला लावते.

भेटायला येणाऱ्यांनाही एक विनंती आहे. तुम्ही प्रेमाने येता, पण रुग्ण तासभर पाय खाली सोडून बसतो, तेच तेच सांगतो आणि त्याची विश्रांतीची वेळ टळते. पंधरा-वीस मिनिटं बसा. रुग्णाला पाय वर घेऊ द्या. "आमच्या वहिनी तर पंधरा दिवसांत पायऱ्या चढल्या," हे वाक्य घरीच ठेवून या.

काही थकवा मात्र सहन करायचा नसतो. धाप लागणं, छातीत दुखणं, एका पोटरीत नवी सूज आणि दुखणं, ताप, जखमेतून पाणी, डांबरासारखं काळं शौच, वयस्करांत अचानक आलेला गोंधळ, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर सोडियम तपासून घ्या. आणि तिसऱ्या महिन्यानंतरही थकवा हलत नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर तपासा आणि मनाचीही विचारपूस करा.

बहुतेकांचा मोठा थकवा सहा ते बारा आठवड्यांत ओसरतो. पूर्ण ताकद यायला वर्षसुद्धा लागतं. शस्त्रक्रियेआधी सर्जनच्या समोर रुग्णाला आणि घरच्या सगळ्यांना हे दोन आकडे सांगितले गेले, तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. ते कुणी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. आणि घरी आल्यावर आई दुपारी आडवी झालेली दिसली, तर तिला उठवण्याआधी तिचा शेवटचा रक्ताचा रिपोर्ट काढून बघा.